साडेतेवीस अंशांचं भांडण

शंकेखोर : शाळेतलं ते चित्र मला कधीच पचलं नाही. मधे सूर्य, चार बाजूंना चार पृथ्व्या, प्रत्येकीचा आस एकाच दिशेला कललेला, आणि खाली ओळ : आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे ऋतू होतात. २१ जूनला उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, म्हणून उन्हाळा. अहो, २१ जूनला पुण्यात, आपल्या बिबवेवाडीत, कसला आलाय उन्हाळा? तोवर रेनकोट बाहेर निघालेले असतात आणि अप्पर भागातल्या उतारावरून गढूळ पाणी धावत असतं. पुण्याचा पारा चढतो एप्रिलमध्ये, सरासरी ३८ अंशांच्या घरात. जुलैत तो २८ वर येतो. सगळ्यात मोठा दिवस जूनमध्ये आणि उकाडा त्याआधीच संपलेला. कारणाची आणि परिणामाची वेळच जुळत नसेल, तर ते कारण मी का म्हणून मानायचं?

उत्साही : चित्र खरं आहे, पण ते आपल्या गावचं नाही. लंडन-पॅरिसला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. जूनमध्ये तो सर्वांत उंच, डिसेंबरमध्ये सर्वांत खाली, म्हणजे वर्षाला एकच शिखर. आपण बसलोय साडेअठरा अंश उत्तरेला, विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मधे. उत्तरेकडे निघालेला सूर्य आपल्याला ओलांडून पुढे जातो आणि परतताना पुन्हा ओलांडतो. बिबवेवाडीत पहिली गाठ पडते १३-१४ मेच्या सुमाराला, दुसरी २९-३० जुलैला. आपल्याकडे शिखरं दोन. पहिलं तुमच्या उकाड्याच्या दिवसांना लागूनच आहे, आणि दुसरं ढगांनी झाकलेलं असतं म्हणून तुम्हाला ते मोजावंसं वाटत नाही. आता ते ढग कुठून आले? कल शून्य असता तर सूर्य कायम विषुववृत्तावर राहिला असता, म्हणजे आपल्याला बारा महिने २१ मार्च. सूर्यामागोमाग उत्तरेला सरकणारा पावसाचा पट्टा इथवर आलाच नसता. जूनमधला तुमचा रेनकोट हाच कलाचा पुरावा आहे.

शंकेखोर : सोयीचं उत्तर. ऊन पडलं तरी कल, पाऊस पडला तरी कल. आणि पाऊस काय नुसत्या कलाने येतो? महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, पुण्यात सातशेच्या आसपास. कल दोन्हीकडे तोच, सूर्य तोच. बिबवेवाडीच्या नळाला किती पाणी येणार हे ठरवतो सह्याद्री. घाट चढताना ढग रिकामे होतात आणि उरलंसुरलं आपल्याकडे येतं. मग मी आकाशातल्या अदृश्य आसाला मान द्यायचा, की डोळ्यांना दिसणाऱ्या डोंगराला?

उत्साही : दोघांनाही द्या, आणि तिसऱ्या एकाला द्यायचा राहिला आहे : पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याला. दक्षिण गोलार्धातले व्यापारी वारे आग्नेयेकडून वायव्येकडे वाहतात. उत्तरेतली जमीन तापून त्यांना विषुववृत्ताच्या पलीकडे ओढून घेते, आणि एकदा का ते उत्तर गोलार्धात शिरले की पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात. म्हणून ते आपल्याला नैर्ऋत्येकडून येऊन भेटतात. पृथ्वी फिरत नसती, तर ते असे आडवे येऊन सह्याद्रीला भिडलेच नसते. कल वाऱ्याला बोलावतो, परिवलन त्याला दिशा देतं आणि डोंगर त्याच्याकडून पाणी काढून घेतो. तुम्ही यातला शेवटचा तेवढा पाहिलात, कारण तो खिडकीतून दिसतो.

शंकेखोर : बरं, मग खिडकीतून दिसेल असं काही दाखवा. त्या शून्य सावलीच्या दिवसाचं नाव काढू नका मात्र. मे महिन्यात लोक गच्चीवर पेले आणि डबे उभे करून फोटो काढतात आणि ‘सावली गायब’ म्हणून एकमेकांना पाठवतात. एक मीटर उंचीची काठी घ्या. त्या दिवसांत सूर्य रोज पाव अंशाहून थोडा कमी सरकतो, म्हणजे दुपारच्या सावलीत एका दिवसाचा फरक जेमतेम चार मिलिमीटर. शिवाय सूर्य म्हणजे काही बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कडाच नऊ मिलिमीटर धूसर. १२ मे, १३ मे आणि १५ मे यांत नुसत्या डोळ्यांनी फरक कळणार नाही. तो दिवस गणिताने ठरवायचा आणि मग गच्चीवर जाऊन ‘दिसला’ म्हणायचं.

उत्साही : तुमचा हिशेब बरोबर आहे. त्या एका दिवसाचा सोहळा होतो आणि वर्षभराची सावली कुणी बघत नाही, हे मलाही खटकतं. पण तीच काठी वर्षभर उभी ठेवा. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दुपारी तिची सावली उत्तरेकडे ९० सेंटिमीटर पडते. मार्च आणि सप्टेंबरच्या संपातदिनी ३३. मेच्या मध्याला शून्य. आणि मग ती दक्षिणेकडे जाते, २१ जूनला जवळजवळ नऊ सेंटिमीटर. चार मिलिमीटरवर तुम्ही शंका घ्याल, पण ९० सेंटिमीटर उत्तरेला आणि ९ दक्षिणेला यावर काय घ्याल? मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. दक्षिणमुखी फ्लॅट म्हणून ज्यांनी बिल्डरकडून सूट घेतली, त्यांच्या बाल्कनीत त्या अडीच महिन्यांत दुपारचं ऊन येत नाही आणि डिसेंबरमध्ये ते थेट आतल्या भिंतीवर चढतं.

तेवढंही नको असेल तर सकाळी गच्चीवर या. आपल्याकडून कोंढवा जवळपास नेमका पूर्वेला. मार्चच्या संपाताला सूर्य कोंढव्यावरून वर येतो. जूनमध्ये तो सरकून वानवडीच्या अंगाला जातो, डिसेंबरमध्ये उंड्री-पिसोळीच्या बाजूला. दोन टोकांमधलं अंतर क्षितिजावर जवळजवळ ५० अंश. हा सगळा झोका त्या साडेतेवीस अंशांचा आहे.

शंकेखोर : गच्चीचा विषय काढलाच आहेत तर गच्चीवरचं सोलर बघा. प्रत्येक सोसायटीत पॅनेल दक्षिणेकडे तिरपं केलेलं. मागे एकदा कुणीतरी मुलांना सांगत होतं की पृथ्वी कललेली आहे म्हणून पॅनेल कलतं ठेवतात. झालं! कल म्हटलं की सगळे माना डोलावतात.

उत्साही : ते सांगणं चूक होतं. पॅनेल तिरपं असतं ते आपण साडेअठरा अंशांवर राहतो म्हणून, पृथ्वी गोल आहे म्हणून. आस सरळ उभा असता तरी ते तिरपंच ठेवावं लागलं असतं, उलट मग एकदा बसवलं की वर्षभर ते अचूक राहिलं असतं. कलामुळे झालंय ते इतकंच, की कुठलाही एक कोन वर्षभर बरोबर ठरत नाही. हिवाळ्यात पाणी तापावं म्हणून कोन वाढवला की जूनला तो सूर्याकडे पाठ फिरवल्यासारखा होतो. अक्षांश आणि कल यांची अशी गल्लत शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही होते.

शंकेखोर : मग आता घड्याळाकडे वळू. २१-२२ डिसेंबरला सर्वांत लहान दिवस, हे मान्य. म्हणजे सूर्य त्या दिवशी सर्वांत उशिरा उगवायला हवा आणि तिथून पुढे लवकर लवकर. पण तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, जानेवारीच्या मध्यापर्यंत उजाडायला आणखी उशीरच होत जातो, डिसेंबरच्या त्या दिवसापेक्षा सुमारे सात मिनिटांनी. आणि सूर्यास्त मात्र नोव्हेंबरच्या शेवटापासूनच पुढे सरकायला लागलेला असतो. दिवस एका तारखेला फिरतो, सकाळ दुसऱ्या, संध्याकाळ तिसऱ्या. तुमच्या चित्रात यातलं काहीही नाही.

उत्साही : चित्रात नाही, कारण त्यात पृथ्वी फिरताना दाखवता येत नाही. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत. तेवढ्या वेळात ती कक्षेतही जवळजवळ एक अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा माथ्यावर यायला आणखी चार मिनिटं फिरावं लागतं. मिळून २४ तास. पण हे चोवीस सरासरीचे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि सेकंदाला ३०.३ किलोमीटर धावते. जुलैत ती लांब असते, वेग २९.३ वर येतो. शिवाय सूर्याचा आकाशातला मार्ग विषुववृत्ताला तिरका. सूर्य समान अंतर चालला तरी आपल्या घड्याळाच्या हिशेबात ते अंतर कधी कमी धरलं जातं, कधी जास्त. डिसेंबरअखेर या दोन्ही गोष्टी एकाच बाजूला पडतात आणि एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत २४ तासांवर सुमारे अर्धं मिनिट जादा लागतं. रोजची दुपार अर्धं मिनिट पुढे गेली की तिच्याबरोबर सकाळही जाते आणि संध्याकाळही.

बिबवेवाडीतलीच दुपार घ्या. घड्याळ आहे ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७३.८६ वर, त्यामुळे सरासरी खरी दुपार होते १२ वाजून ३५ मिनिटांनी. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२ वाजून १८ मिनिटांनी होते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४९ मिनिटांनी. एकाच गच्चीवर एकतीस मिनिटांचा फरक! कक्षा पूर्ण वर्तुळाकार असती तरी यातला मोठा भाग उरला असता, कारण तिरकेपणाचा वाटा लंबवर्तुळाच्या वाट्यापेक्षा जास्त आहे.

शंकेखोर : हे पटलं. पण मग मला सांगा, या तिरकेपणाची दिशा तरी पक्की आहे का? तिळगूळ आपण वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला आणि म्हणतो उत्तरायण सुरू झालं. पिसोळीच्या बाजूला गेलेला सूर्य त्याआधी तीन आठवडे परत फिरलेला असतो. टिळक पंचांग मानणाऱ्यांची संक्रांत १० जानेवारीला, म्हणजे तीही उशिराच. दोन पंचांगांत चार दिवसांचं अंतर, आणि सूर्य दोघांनाही विचारत नाही.

उत्साही : इथे आस कललाय किती हा प्रश्नच नाही, कललाय कुठे हा आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. भोवरा फिरताना त्याची मान जशी सावकाश गिरकी घेते, तशी पृथ्वीचा आस साधारण २५,८०० वर्षांत एक गिरकी घेतो. फक्त भोवऱ्याशी साम्य अर्ध्यावरच थांबतं. भोवऱ्याला गुरुत्वाकर्षण आडवं पाडू बघतं. पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे, विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांकडच्या व्यासापेक्षा ४३ किलोमीटर जास्त. या फुगवट्याला चंद्र-सूर्य ओढतात ते तिला सरळ उभं करायला. म्हणून तिची गिरकी परिवलनाच्या उलट दिशेने जाते. परिणाम असा की ताऱ्यांच्या मानाने संपातबिंदू मागे सरकतो आणि ताऱ्यांवर बांधलेली संक्रांत दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे जाते.

या प्रश्नावर पुण्याइतकं डोकं क्वचितच कुठे लढवलं गेलं असेल. केरूनाना छत्र्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टकें’ लिहून आकाशाशी जुळणाऱ्या पंचांगाचा पाया घातला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिलं. छत्र्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी तर १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये या गिरकीचंच घड्याळ केलं. वैदिक वाङ्मयात संपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा दिसतात असं म्हणून त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी चार हजारांच्या आसपास नेला.

शंकेखोर : आणि तिथेच माझी शंका उभी राहते. गिरकीचा वेग गणिताचा, पण त्या वैदिक ऋचांत नेमका संपातच सांगितलाय हे वाचणाऱ्याचं मत. घड्याळ अचूक असून काय उपयोग, काटा कुठल्या आकड्यावर आहे यावरच एकमत नाही. तसंच संक्रांतीचं. मेघनाद साहांच्या समितीने ऋतूंना धरून राष्ट्रीय दिनदर्शिका केली, २२ मार्च १९५७ पासून ती लागू झाली. आकाशवाणीवर तारीख सांगितली जाते, पण सण कुणी तिच्यावर करत नाही. तारे धरले तर तेरा हजार वर्षांनी संक्रांत जुलैत येईल आणि बायका छत्री सावरत वाण लुटतील. ऋतू धरले तर मकर राशीचा आणि मकरसंक्रांतीचा संबंध सुटेल. यातलं खरं कुठलं, हे तुमचा आस सांगू शकतो का?

उत्साही : नाही सांगू शकत. आस इतकंच सांगतो की दोन्ही एकदम राखता येणार नाहीत. बाकीचं पंचांगकर्त्यांनी आणि बायकांनी ठरवायचं.

शंकेखोर : मग मूळ आकड्याकडे या. साडेतेवीसच का? कक्षांना नियम आहे. सूर्यापासूनचं अंतर सांगा, केप्लरच्या नियमाने मी वर्ष काढून देतो. कलाला असा नियम आहे का? बुध जवळजवळ सरळ उभा, गुरू तीन अंशांवर, मंगळ २५, शनी जवळपास २७, नेपच्यून २८. युरेनस ९८ अंशांवर आडवा पडून लोळत चाललाय, आणि शुक्र १७७ वर, म्हणजे डोकं खाली करून उलटा फिरतोय. यात मला ना क्रम दिसतो, ना सूत्र. हे कारण म्हणायचं की नुसती नोंद?

उत्साही : हा इतिहास आहे. नियम एकच असला तरी प्रत्येक ग्रहाचं चरित्र वेगळं. बुधाचंच पाहा. तो सूर्याला कायम एकच बाजू दाखवतो असं १९६५ पर्यंत मानत होते. मग रडारने पाहिलं तेव्हा कळलं की सूर्याभोवती दोन फेऱ्या होईतो तो स्वतःभोवती बरोबर तीन गिरक्या घेतो. लांबट कक्षा आणि सूर्याच्या ओढीतून जमलेला हा ताल आहे. त्याचा एक दिवस, सूर्योदय ते सूर्योदय, १७६ पृथ्वीदिवसांचा, म्हणजे त्याच्या दोन वर्षांएवढा. शुक्राला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात. त्याच्या जाड वातावरणात सूर्यामुळे उठणाऱ्या भरतीने त्याला या गतीत अडकवून ठेवलं असावं. युरेनसला पूर्वी कधीतरी मोठी धडक बसली असावी.

शंकेखोर : धडक! जिथे काही सुचत नाही तिथे धडक. चंद्र कसा झाला? धडक. युरेनस का लोळतो? धडक. पूर्वी साडेसाती होती, आता धडक आली. जिचा पंचनामा होऊ शकत नाही अशा अपघातावर कशाचंही खापर फोडता येतं.

उत्साही : पंचनामा होतो. युरेनसचे मोठे चंद्र त्याच्याबरोबरच आडवे झालेले आहेत, त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरतात. ग्रह नंतर एका फटक्यात आडवा झाला असता तर चंद्र जुन्याच पातळीत मागे राहिले असते. म्हणजे धडक चंद्र तयार होण्याआधी बसली, किंवा त्या उलथापालथीतल्या मलब्यातून चंद्र नव्याने घडले. नाहीतर धडक बसलीच नाही आणि तो हळूहळू कलत गेला, असाही एक पक्ष आहे. शनीबद्दल तर हेच म्हणतात. नेपच्यूनच्या कक्षेच्या गिरकीशी शनीच्या आसाची गिरकी जुळली आणि तो कलत गेला. आता ती जुळणी थोडी सुटलेली दिसते, ती एक चंद्र नष्ट झाल्यामुळे सुटली आणि कडी त्याच्याच तुकड्यांची, असं २०२२ मध्ये मांडलं गेलं. सिद्ध झालेलं नाही. पण या गोष्टी एकमेकींना खोडू शकतात, साडेसातीला कुणी खोडू शकत नाही.

शंकेखोर : ठीक. मग आपल्या नशिबाचं सांगा. मंगळाचा कल आज आपल्यासारखाच, पण तो कोट्यवधी वर्षांत शून्यापासून साठ अंशांपर्यंत हेलकावे खातो म्हणतात. आपला २२.१ ते २४.५ च्या मधेच राहतो, ४१ हजार वर्षांत एक आवर्तन. सध्या तो कमी होतोय आणि कर्कवृत्त वर्षाला १४-१५ मीटरने दक्षिणेकडे, म्हणजे आपल्याच दिशेने, सरकतंय. एवढा शिस्तीचा कल फक्त आपल्याच वाट्याला का?

उत्साही : चंद्रामुळे, असं जाक लास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं. चंद्र नसता तर आपला आसही मंगळासारखा भरकटला असता. मोठा चंद्र म्हणून स्थिर कल, स्थिर कल म्हणून बेताचे ऋतू, आणि म्हणून इथली जीवसृष्टी.

शंकेखोर : आणि २०१२ मध्ये जॅक लिसाउर वगैरेंनी लांबचा हिशेब पुन्हा केला, तेव्हा चंद्राविना पृथ्वीही कोट्यवधी वर्षं बऱ्यापैकी सावरून राहते असं निघालं. ते तुम्ही सांगितलं नाहीत.

उत्साही : सांगणार होतो. हेलकावे वाढतात, पण वाटलं होतं तितके नाहीत. चंद्र आवश्यक आहे की नुसता उपकारक, हे आता सरळ सांगता येत नाही. आणि स्थिर कल पुरेसा असतो असंही नाही. आज पृथ्वी सूर्याच्या जवळ जानेवारीत असते, जुलैपेक्षा सात टक्के जास्त ऊन घेऊन. साधारण अकरा हजार वर्षांपूर्वी ती उत्तरेच्या उन्हाळ्यात जवळ होती, आणि पुढच्या काही हजार वर्षांत आपल्याकडचा मोसमी पाऊस आजच्यापेक्षा जोरदार होता. कल जवळपास तोच, फक्त दिशा वेगळी.

शंकेखोर : म्हणजे तुमच्याच तोंडून आलं. कलाचा आकडा एकटा काही ठरवत नाही. दिशा, अंतर, गिरकी, चंद्र, वातावरण, डोंगर, सगळं मिळून. मग ‘हा कल बेताचा म्हणून आपण आहोत’ हे कशाच्या जोरावर म्हणायचं? एकाच पृथ्वीवर राहून एकाच पृथ्वीचं कौतुक करायचं, याला पुरावा म्हणत नाहीत. दुसऱ्या ताऱ्यांभोवती पाच हजारांवर ग्रह सापडलेत. त्यातल्या किती खडकाळ ग्रहांचा कल मोजलाय?

उत्साही : पृथ्वीसारख्या एकाचाही नाही. त्यांचं वर्ष कळतं, अनेकांचा आकार आणि वजन कळतं. कल कळायला त्यांच्या पृष्ठभागावरचा उजेड वर्षभर कसा बदलतो ते टिपावं लागेल, आणि तेवढी ताकद आजच्या दुर्बिणींत नाही.

शंकेखोर : मग उद्या एखादा ग्रह सापडला, पाणी आहे, हवा आहे, आणि कल निघाला साठ अंश, तर तुम्ही तिथे जीवसृष्टी शोधायला जाल की नाही?

उत्साही : जाईन. पण तिथे सापडली, तर साडेतेवीस अंशांबद्दल मी आजवर जे बोललो त्यातलं काय काय मागे घ्यावं लागेल, याची यादी आधी करून ठेवीन. तुमच्याकडेही एक यादी हवी : तिथे नाही सापडली, तर तुम्ही काय मागे घ्याल?